आधाराएवढंच मत

बाळ, परवा फोनवर म्हणालीस, "मामा, रात्रपाळीत तीन एमएलसी (मेडिको-लीगल केसेस) आल्या आणि तिन्हींत पोलिसांना मत हवंय." तुझ्या आवाजातली धाकधूक मला ओळखीची वाटली. कॉलेजात फोरेन्सिक आपण परीक्षेपुरतं वाचतो. मोदींचं ते जाडजूड पुस्तक १९२० साली पहिल्यांदा निघालं आणि शंभर वर्षं झाली तरी कोर्टात वकिलांच्या टेबलावर असतंच, पण आपल्या टेबलावर ते सहसा नसतं. मग पहिल्या नेमणुकीला अचानक कळतं की आपल्या एका ओळीवर कोणी तुरुंगात जाणार आहे, कोणाला भरपाई मिळणार आहे. म्हणून हे सगळं लिहून पाठवतोय. फोनवर सांगण्यासारखं नाही.

दादरा-नगर हवेलीतल्या आपल्या नरोलीत बसून तुला सगळ्या प्रकारची माणसं तपासावी लागतील. भिलाड-सिल्वासा रस्त्यावर ट्रकखाली आलेले, कारखान्यात मशिनमध्ये हात गेलेले, भाताच्या खाचरात साप चावलेले, कीटकनाशक प्यालेले, दमणगंगेत सापडलेले. कोणी वारली बोलेल, कोणी धोडिया, कोणी गुजराती, कोणी ओडिशा-बिहारकडची हिंदी. घटना गुजरातच्या हद्दीत, जखमी आपल्याकडे आणि नातेवाईक तलासरीचे, असंही होईल. म्हणून कुठे घडलं, कोणी आणलं, कोणत्या पोलीस ठाण्याची यादी, म्हणजे लेखी मागणी, आली हे पहिल्याच ओळीत लिही. आणि एक ध्यानात ठेव, तुझा कागद सिल्वासाच्या कोर्टात थांबत नाही. अपील झालं तर तो मुंबई उच्च न्यायालयात जातो. तिथल्या न्यायमूर्तींनी नरोली पाहिलेली नसते, तो जखमी पाहिलेला नसतो. त्यांच्यासमोर फक्त तुझं अक्षर असतं.

तुला मुख्य सांगायचंय ते एवढंच. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, तसं आधार पाहून मत द्यावं. आधार जेवढा, मत तेवढंच. त्यासाठी कागदावर तीन गोष्टी कधी एकमेकींत मिसळू देऊ नकोस. जे तू डोळ्यांनी पाहिलंस ते एका जागी. जे रुग्णाने, नातेवाइकाने किंवा हवालदाराने सांगितलं ते दुसऱ्या जागी, आणि ते कोणी सांगितलं त्याच्या नावासकट, शक्यतो त्याच्याच शब्दांत. या दोन्हींवरून तुला जे वाटलं ते तिसऱ्या जागी, "मत" असं वर लिहून. दुभाषी लागला तर दुभाष्याचं नावही लिही. वारली बाईचं सांगणं तिच्या नवऱ्याने हिंदीत सांगितलं असेल, तर ते तिचं सांगणं म्हणून लिहायचं नाही.

पोलिसांची यादी नीट वाच. तिच्यात बहुतेक वेळा उत्तर आधीच भरलेलं असतं: "सदर इसमास कोयत्याने मारहाण झाली असून जखमेबाबत अभिप्राय मिळावा." हवालदार काही वाईट हेतूने तसं लिहीत नाही. फिर्यादीत जे आलं तेच तो उतरवतो. पण तो कोयता तुझ्या डोळ्यांत शिरतो. माझ्या शिरला होता, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

मी नोकरीत नवा होतो, सीमेपलीकडच्या एका ग्रामीण दवाखान्यात. पावसाळ्याच्या तोंडावर रात्री एका पोराला आणलं. डाव्या भुवईवर फाटलेलं, रक्ताने चेहरा माखलेला. कंदील आणि टॉर्चच्या उजेडात मी चार टाके घातले. यादीत कोयता होता. जखमेच्या कडा मला सरळ दिसल्या. मी लिहून टाकलं, छेदित जखम, धारदार शस्त्राने. शेजाऱ्याला अटक झाली. डोक्यावर कोयता म्हटल्यावर खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं, आणि जामीन द्यायला त्याच्याकडे कोणी नव्हतं. खटला उभा राहिला तेव्हा उलटतपासात वकिलाने मला शांतपणे विचारलं, "डॉक्टर, जखम भिंगातून पाहिली होती का? जखमेच्या तळाशी तंतू तुटलेले होते की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणलेले होते? भुवईचे केस कापले गेले होते की चिरडले होते?" माझ्या कागदात यातलं काहीच नव्हतं. पुढे त्या पोरानेच सांगितलं की झटापट झाली, तो पाय घसरून बांधाच्या दगडावर कपाळावर पडला, आणि रागाच्या भरात घरच्यांनी कोयत्याचं नाव घेतलं. शेजारी सुटला. पण मधल्या काळात त्याची लावणी गेली. त्या वर्षी त्याच्या खाचरात भात लागलंच नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात तो मला काही बोलला नाही. मी त्याच्याशी बोलायला हवं होतं, बोललो नाही, याची खंत अजून आहे.

भुवई, टाळू, हनुवटी, नडगी, जिथे कातडीखाली लगेच हाड असतं तिथे बोथट मारानेही कातडी सुरीने चिरल्यासारखी उलते. हे पुस्तकात आहे. मीही वाचलेलं होतं. पण त्या रात्री मी पुस्तक न पाहता यादी पाहिली. तेव्हापासून खिशात भिंग आणि सहा इंची स्टीलची पट्टी ठेवली. तूही ठेव. "दोन बोटं लांब" असं लिहायचं नाही. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, मोजता आली तर खोली, आणि शरीरावरच्या एखाद्या ठाम खुणेपासूनचं अंतर लिही. टाके घालण्याआधी पाहा, कारण टाके पडले की कडा गेल्या. मग मानवी आकृतीच्या छापील चित्रावर खूण कर. खूण करायला अर्धं मिनिट लागतं आणि पाच वर्षांनी तेच तुला साक्षीला उभं राहू देतं.

मुका मार लागलेला असेल तर रंगावरून दिवस मोजायचा मोह होतो. लाल, निळा, तपकिरी, हिरवा, पिवळा, असा तक्ता आपण पाठ केलेला असतो. तो तक्ता गोऱ्या कातडीचा आहे, आणि तिथेही तो फार पक्का नाही. मागच्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये छायाचित्रांवरून अभ्यास झाला तेव्हा एवढंच धड हाती लागलं की पिवळेपणा साधारण अठरा तासांच्या आत दिसत नाही. आपल्याकडची काळी-सावळी अंगं, त्यात दवाखान्यातला ट्यूबलाइट. रंग दिसला नाही म्हणून मार नव्हता असं होत नाही. बोटाने दाबून दुखतं का, सूज आहे का, कातडी गरम आहे का ते पाहा आणि दिवसा उजेडी, चोवीस-अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा बोलाव. दुसऱ्या तपासणीची नोंद स्वतंत्र तारखेने कर, पहिलीत खाडाखोड करून नको.

मतासाठी शब्द मोजून वापर. माझ्याकडे चारच होते. "आहे" हे हाड एक्स-रेत तुटलेलं दिसतं तेव्हा. "बहुधा" हे दुसरी शक्यता आहे पण कमी, तेव्हा. "होऊ शकते" हे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या, तेव्हा. आणि "सांगता येत नाही." हा चौथा शब्द लिहायला लाजू नकोस. पोलिसांनी मुद्देमाल आणला, सीलबंद कोयता दाखवला आणि "ही जखम याच हत्याराने झाली का" असं विचारलं, तर त्यांच्यासमोर सील उघड, पात्याची लांबी-रुंदी मोज, धार बोथट झालीय का पाहा, लिही, आणि "अशा प्रकारच्या हत्याराने होऊ शकते" एवढंच म्हण. "याच" या शब्दाला तुझ्याकडे आधार नाही. आणि आणखी कशाने होऊ शकते तेही त्याच ओळीत लिही, कोणी विचारण्याआधी.

साधी की गंभीर दुखापत, हे ठरवताना आता जुना आकडा विसर. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. पूर्वी वीस दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं करता न येणं म्हणजे गंभीर दुखापत होती. आता कलम ११६ मध्ये पंधरा दिवस आहेत. आणि पंधरा दिवस खाटेवर ठेवला म्हणजे पंधरा दिवस दुखलं असं नव्हे. वेदना होत होत्या का, माणूस आपली कामं करू शकत नव्हता का, ते रोजच्या नोंदीत दिसलं पाहिजे. "जिवाला धोका" लिहिलंस तर का ते लिही: किती रक्त गेलं, नाडी काय होती, उपचार झाले नसते तर काय झालं असतं.

आता हात. आपल्या भागात तुझ्याकडे सगळ्यात जास्त येतील ते हात. प्लास्टिकच्या, सुताच्या कारखान्यांतले, वयाने वीस-बावीस, उजवा हात रुमालात गुंडाळलेला. यांची भरपाई दोन वेगळ्या दारांतून जाते, आणि त्या दोन दारांत तुझं काम वेगळं आहे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी ते चुकत चुकत शिकलो.

कारखान्यातला अपघात असेल तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा लागायचा, जिथे ईएसआय (कामगार विमा) लागू नाही तिथे; आता त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. त्या जुन्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत टक्के ठरलेले होते. अंगठा पूर्ण गेला तर तीस, तर्जनी पूर्ण गेली तर चौदा, एका हाताची दोन बोटं गेली तर वीस. तिथे तुझं काम सोपं, काय गेलंय आणि कुठून गेलंय ते अचूक लिहायचं. पण बोट गेलं नाही, हातालाच आहे, फक्त वाकत नाही, तर? ते अनुसूचीत नाही. मग कायद्याप्रमाणे कमाईची ताकद किती कमी झाली हे पात्र डॉक्टरने ठरवायचं असतं, म्हणजे तू. त्यामुळे तो काय काम करायचा हे विचारल्याशिवाय तुला लिहिताच येणार नाही. त्याच्या हातात स्टीलचा पेला दे. जमिनीवरचं नाणं उचलायला सांग. शर्टाचं वरचं बटण लावायला सांग आणि तो लावत असताना गप्प बसून पाहा. मी एकदा पाहिलं, तर्जनी सरळच राहत होती आणि तो अंगठा नि मधल्या बोटात बटण धरायचा प्रयत्न करत होता, तीनदा निसटलं, चौथ्यांदा त्याने डावा हात वापरला. मी जसं दिसलं तसं लिहिलं. गोनिओमीटरने मोजलेले अंशही लिहिले, पण भरपाई ठरवणाऱ्या आयुक्तांना समजलं ते बटण.

रस्त्यावरचा अपघात असेल तर दार दुसरं, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. तिथे कमाई किती गेली हे तू ठरवायचं नाहीस. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात हे फार स्वच्छ सांगितलं आहे. डॉक्टरने शरीराची कायमची हानी सांगावी, ती एका अवयवाची आहे की सगळ्या शरीराच्या हिशेबात आहे हे स्पष्ट करावं, आणि त्याचा कमाईवर काय परिणाम हे न्यायाधिकरणाने ठरवावं. त्यांनी दिलेलं उदाहरण लक्षात राहण्यासारखं आहे. डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ सगळीच जाऊ शकते, कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते, हात मात्र दोघांचा तेवढाच गेलेला. त्याच निकालात अपघातग्रस्तांना सढळ हाताने तयार दाखले वाटणाऱ्या डॉक्टरांपासून सावध राहायलाही सांगितलं आहे. तुझ्याकडे एजंट येतील. "मॅडम, पायाचे चाळीस टक्के लिहा, गरीब माणूस आहे." माणूस खरंच गरीब असतो. पण पायाचे चाळीस टक्के म्हणजे शरीराचे चाळीस टक्के नव्हेत, आणि फुगवलेला आकडा उलटतपासात उघडा पडला की त्याचा खरा पायही कोणी खरा मानत नाही. गरिबाला मदत करायची असेल तर एक्स-रे चांगला काढ, फॉलोअप ठेव, आणि तारखेला कोर्टात वेळेवर जा.

शवविच्छेदनाबद्दल एक जुनं पुण्याचं प्रकरण सांगतो, आमच्या सरांनी आम्हाला सांगितलं होतं. अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. पुण्यातल्या एका मधुमेही विधवा बाईंना त्यांच्याच डॉक्टरने १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्रीच्या गाडीने मुंबईला आणलं. पहाटे जी. टी. रुग्णालयात बेशुद्ध अवस्थेत दाखल केलं, नाव भलतंच सांगितलं, आणि त्याच दिवशी त्या गेल्या. कोणी न्यायला आलं नाही. बेवारस देह म्हणून तो वैद्यकीय महाविद्यालयाकडे जायचा होता. तिथे मानेवर एक खूण दिसली म्हणून शवविच्छेदन झालं, तेही २३ नोव्हेंबरला, मृत्यूनंतर दहा दिवसांनी. मत काय आलं? मधुमेहामुळे आलेल्या बेशुद्धीने मृत्यू होऊ शकतो. रासायनिक विश्लेषकाकडून अहवाल आला, विष आढळलं नाही. तरीही कोर्टाने तो खून ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये बहुमताने तो निकाल कायम केला. बहुमताचा निकाल न्या. हिदायतुल्ला यांचा होता. न्या. सरकार यांचं मत वेगळं पडलं. त्याच वैद्यकीय पुराव्यावरून मृत्यू अनैसर्गिक होता हे सिद्ध होत नाही असं त्यांनी म्हटलं.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, वॉर्डात कोणीतरी केलेलं निदान टेबलापर्यंत चालत येतं. केसपेपर वाच, वाचलाच पाहिजे, पण आधी देह पाहा, स्वतःच्या नोंदी कर, मग केसपेपर उघड. आणि मतात लिही की अमुक गोष्ट देहात दिसली, अमुक केसपेपरवरून घेतली. दुसरी गोष्ट, "आढळलं नाही" आणि "नव्हतं" हे दोन वेगळे शब्द आहेत. देह किती दिवस पडून होता, काय जपलं, कशात जपलं, यावर बरंच अवलंबून असतं. त्या खटल्यातली बनावट पत्रं, पैशांचे व्यवहार, खोटं नाव, यावरून कोर्ट निष्कर्ष काढू शकतं, तो त्यांचा अधिकार. तू काढू नकोस. तुझ्याकडे कोणी ती कहाणी घेऊन आलं तर ऐकूनही मतात घालू नकोस. दोन न्यायमूर्तींना पटलं, एकाला नाही, हे शक्य झालं कारण डॉक्टरांनी काय पाहिलं आणि काय नाही हे नोंदीत वेगळं करता येत होतं.

व्हिसेरा कसा ठेवायचा ते तुला येतं, म्हणून थोडक्यात. मिठाचं संपृक्त द्रावण, फॉर्मॅलिन कधीच नाही, आणि द्रावणाचा नमुना वेगळ्या बाटलीत. बरणी काठोकाठ भरायची नाही. रक्ताला सोडियम फ्लोराइड. लाखेचं सील लावताना स्वतः उभी राहा, शिपायावर सोडू नकोस, आणि सीलचा नमुना कागदावर उमटव. बाटली कोणाच्या हातात दिली त्याची सही आणि बक्कल नंबर घे. "मत राखून ठेवलं, रासायनिक अहवालानंतर" असं लिहिलंस की अहवाल आल्यावर अंतिम मत द्यायला विसरू नकोस. राखून ठेवलेली आणि कायमची राखलेली मतं मी कपाटं भरून पाहिली आहेत. त्यांच्या मागे कोणाची तरी आई अजून विचारत असते, काय झालं होतं माझ्या पोराला.

बायकांच्या तपासणीबद्दल बोलताना मला मथुरा प्रकरण आठवतं, दरवेळी आठवतं. २६ मार्च १९७२, देसाईगंज पोलीस ठाणे, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा. आदिवासी मुलगी, वय डॉक्टरांनी चौदा ते सोळाच्या मध्ये सांगितलेलं. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, अंगावर जखम नाही. बलात्काराच्या खटल्यात उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी ठरवलं, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार नाही, असा अर्थ लावून त्यांना सोडलं. देशभर संताप झाला, १९८३ मध्ये कायदा बदलला. डॉक्टरांनी "जखम नाही" हे खरंच लिहिलं होतं. पण जखम नसल्याचा अर्थ काय आणि काय नाही हे कागदावर कुठे नव्हतं, आणि तो अर्थ दुसऱ्यांनी भरला. म्हणून तू लिहायचं. भीतीने माणूस गोठतो, धमकी असते, वेळ गेलेला असतो, आंघोळ झालेली असते, या सगळ्या कारणांनी जखमा नसू शकतात, जखमा नसणं हे संमतीचं लक्षण नाही. दोन ओळी लागतात. दोन बोटांची चाचणी करायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ ला ती करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल दोषी धरायला सांगितलं आहे. पूर्वीच्या संबंधांबद्दल, चारित्र्याबद्दल एक अक्षरही नको. आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८४ प्रमाणे अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. तपासणी सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ घाल. तिची संमती तिच्याच भाषेत समजावून घे, तिचा अंगठा घेतलास तर कोणाच्या समोर ते लिही.

वय ठरवायची यादी आली तर आधी विचार की शाळेचा दाखला आहे का, ग्रामपंचायतीची जन्मनोंद आहे का. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रमच तसा आहे, ही दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. माझ्या लहानपणी आपल्या नरोलीतल्या म्हाताऱ्या वय सांगायच्या ते मुक्तीच्या सालावरून, म्हणजे १९५४ च्या जुलैत पोर्तुगीज गेले तेव्हा मी अमकी एवढी होते, असं. आता शाळा आहेत, नोंदी आहेत, तरी स्थलांतरित मजुरांच्या मुलांचे कागद अजून गावाकडेच राहतात. मनगटाचा एक्स-रे तू ज्या अ‍ॅटलसशी ताडून पाहशील तो अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या एक्स-रेंवर बेतलेला आहे, गेल्या शतकातल्या. कातकरी पाड्यावरच्या, अर्धपोटी वाढलेल्या मुलीचं हाड त्या वेळापत्रकाने चालतंच असं नाही. सर्वोच्च न्यायालयानेच १९८२ मध्ये जयमाला प्रकरणात दोन्ही बाजूंनी दोन वर्षांची तफावत धरायला सांगितलं आहे. तर आकडा देऊ नकोस, पल्ला दे. "सोळा ते अठरा" लिहिलंस तर "सतरा म्हणू का मॅडम?" असं विचारतील. म्हणायचं नाही.

भाजलेल्या बाईचा मृत्युपूर्व जबाब घेताना तुला बोलावतील. लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य, २००२, घटनापीठ. त्यात म्हटलंय की डॉक्टरचा दाखला नसला म्हणून जबाब बाद होत नाही, जबाब घेणाऱ्याची खात्री पटलेली असली पाहिजे. तरी तू लिही. "शुद्धीवर आहे" आणि "जबाब देण्याच्या स्थितीत आहे" या दोन वेगळ्या गोष्टी दोन वेगळ्या ओळींत, सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा, वेळ घालून. कोणतं वेदनाशामक किती वाजता दिलं तेही. सासरचं कोणी खोलीत असेल तर बाहेर काढ.

आता अवघड गोष्ट. कधीतरी तुला आपल्याच बिरादरीतल्या डॉक्टरविरुद्ध मत द्यावं लागेल. जेकब मॅथ्यू प्रकरणात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी कारवाईआधी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र, त्या शाखेच्या जाणकार डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्याचं, मत घ्यावं. ते आपल्या संरक्षणासाठीच आहे, पण त्याचा भार मत देणाऱ्यावर येतो. मी अशा वेळी जोशी विरुद्ध गोडबोले हे प्रकरण समोर ठेवायचो. मे १९५३, गुहागर तालुक्यातलं पालशेत, समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. तिसऱ्या दिवशी पुण्याला नेलं, त्याच रात्री तो गेला. भूल न देता जोर लावून हाड बसवलं, त्या धक्क्याने मृत्यू झाला, असं कोर्टांनी मानलं. सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात डॉक्टरची कर्तव्यं तीन टप्प्यांत मांडली: रुग्ण हातात घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार करताना काळजी. मत लिहिताना हे तीन प्रश्न वेगवेगळे विचार. बऱ्याचदा पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ठीक असतं आणि तिसऱ्यात चूक सापडते, किंवा उलट. रुग्ण गेला म्हणजे चूक झाली असं नाही, आणि डॉक्टर ओळखीचा आहे म्हणजे चूक नाही असंही नाही. ओळखीचा असेल तर तसं लिहून प्रकरण परत पाठव.

आणि आपल्या विषयाबाहेर पाय टाकू नकोस. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या बाईला १९९९ मध्ये तिची दोन तान्ही मुलं मारल्याबद्दल शिक्षा झाली. नामांकित बालरोगतज्ज्ञाने कोर्टात सांगितलं होतं की एका घरात असे दोन आकस्मिक मृत्यू होण्याची शक्यता सात कोटी तीस लाखांत एक. ८,५४३ ला ८,५४३ ने गुणून आलेला आकडा. भावंडांच्या मृत्यूंना एकच कारण असू शकतं, मग असा गुणाकार करताच येत नाही, हे संख्याशास्त्रज्ञांनी नंतर दाखवलं. २००३ मध्ये ती सुटली, २००७ मध्ये वारली. तो मुलांचा मोठा डॉक्टर होता, आकड्यांचा नव्हता. तुला बंदुकीच्या गोळीचा कोन विचारतील, विजेच्या मोटारीत दोष होता का विचारतील. "हा माझा विषय नाही" म्हण.

समन्स आलं की आदल्या दिवशी मूळ रजिस्टर शोध, झेरॉक्सवर विसंबू नकोस. पाठ करून जाऊ नकोस, वाचायची परवानगी माग, कायदा ती देतो. सिल्वासाला जायला अथालच्या पुलावर सकाळी ट्रकांची रांग लागते, तासभर आधी निघ. उत्तर वकिलाला न देता न्यायाधीशांकडे पाहून दे, साध्या भाषेत, विचारलं तेवढंच. वकील मोदींच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचून "मान्य आहे का" विचारेल. पुस्तक हातात माग, मागचं-पुढचं पान वाच, मग उत्तर दे, सगळं कोर्ट थांबलं तरी थांबू दे. आणि तुझं मत बदलण्यासारखं काही खरंच समोर आलं तर तिथेच कबूल कर. मत बदलल्याने तुझी लाज जात नाही.

साक्ष संपली की टाइप केलेला जबाब सहीसाठी पुढे ठेवतात. तोवर एक वाजलेला असतो, पुढच्या साक्षीदाराचा पुकारा झालेला असतो, लघुलेखक घाईत असतो. तरी बस आणि सगळं वाच. इंग्रजीत असेल तर स्पेलिंग सोड. "डावा" आणि "उजवा" मात्र बोट ठेवून वाच.